टीडीएस तोच राहिला, तरी सॉफ्टनर चालू असतो

"सॉफ्टनर बसवून पंधरा दिवस झाले. आधी टीडीएस ६४० होता, आजही ६४०च आहे. तुमचं मशीन कामच करत नाही." जड पाणी मऊ करणारे सॉफ्टनर आम्ही बसवतो, आणि असे फोन आम्हाला दर आठवड्याला येतात. (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, मीटरवर दिसणारा आकडा.) आवाजात राग असतो आणि तो साहजिक आहे, पैसे मोजलेले असतात. आमचा माणूस जातो, पाणी तपासतो आणि बहुतेक वेळा प्लांट ठणठणीत निघतो. तुमचा अर्धा दिवस वाट पाहण्यात जातो, आमचाही जातो, आणि ज्यांच्याकडे खरोखर बिघाड झाला आहे ते ताटकळत राहतात. म्हणून हे पत्रक प्रत्येक प्लांटबरोबर देतो. प्लांटजवळच कुठेतरी चिकटवून ठेवा.

जड पाणी तुम्हाला दाखवून देण्याची गरज नाही. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा पट्टा धरतो, शॉवरची भोकं बुजतात, काचेच्या ग्लासावर डाग राहतात. हे सगळं पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे होतं. त्यांचं प्रमाण कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मांडतात. ६० पर्यंत पाणी मऊ, १२० च्या पुढे जड, १८० च्या पुढे फार जड, अशी एक सर्वसाधारण विभागणी वापरली जाते. साधारण २०० च्या वर गेलं की पाइपात आणि गिझरमध्ये थर धरायला लागतो. पाणी जितकं तापवाल तितका थर जास्त, कारण विरघळलेलं बायकार्बोनेट उष्णतेने मोडतं आणि त्याचा चुना होऊन कॉइलवर बसतो. हा थर उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी जळते. गिझरचं तापमान ५५ ते ६० अंशांवर ठेवलं तर थर कमी धरतो. हे करायला आमची गरज नाही, आजच करून टाका.

आता मुख्य गोष्ट. टीडीएस मीटर जडपणा मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच तो मोजतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतो. क्षार कोणता, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, तो अदलाबदल करतो. सॉफ्टनरच्या टाकीतल्या रेझिनच्या बारीक मण्यांवर सोडियम असतं. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. हिशोब करून पाहा: ३०० चा जडपणा सगळा कॅल्शियमचा धरला, तर लिटरमागे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम बाहेर पडतं आणि १३८ मिलिग्रॅम सोडियम आत येतं. वजन कमी होत नाही, उलट थोडं वाढतं. मग मीटरचा आकडा खाली कसा येणार? तो जवळपास तिथेच राहतो, थोडासा इकडे-तिकडे होतो. पण सोडियम थर धरत नाही आणि साबणाला अडवत नाही. तुम्हाला हवं होतं ते तेच.

मागे एका घरी आम्ही दोन ग्लास ओट्यावर शेजारी ठेवले, एकात घरच्या टाकीचं, सॉफ्टनरआधीचं पाणी, दुसऱ्यात सॉफ्टनरचं. मीटर दोन्हीत जवळपास सारखाच आकडा दाखवत होता. मग दोन्ही पाण्यांत आमच्या जडपणा तपासणी किटमधली पावडर टाकली. टाकीचं पाणी रेड वाइनसारखं लालसर झालं आणि निळं व्हायला किटमधल्या द्रावणाचे पंधराच्या वर थेंब लागले; जितके थेंब जास्त, तितका जडपणा जास्त. सॉफ्टनरचं पाणी एकही थेंब न घालता निळं होतं. घरातल्या ताईंनी मीटर बाजूला ठेवला आणि किटची बाटली मागून घेतली. तेव्हापासून ही किट आम्ही प्रत्येक नव्या प्लांटबरोबर देतो.

किट संपली असेल तर साबणाने तपासा. झाकणाच्या दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या आणि एक तृतीयांश भरा, एकीत कच्चं, म्हणजे सॉफ्टनरआधीचं पाणी, दुसरीत सॉफ्टनरचं. अंगाच्या साबणाचा किस थोड्या गरम पाण्यात विरघळवून त्याचे सारखे थेंब दोन्हीत घाला आणि जोरात हलवा. सॉफ्टनरच्या बाटलीत फेस टिकेल, खालचं पाणी स्वच्छ दिसेल. कच्च्या पाण्यात फेस लगेच बसेल आणि पाणी दुधाळ होऊन त्यात साका दिसेल. भांडी घासायचं लिक्विड, शाम्पू किंवा हँडवॉश इथे चालत नाही, त्यातली डिटर्जंटं जड पाण्यातही फेस देतात. यात फसलेले बरेच जण आम्हाला भेटले आहेत.

आणि पाणी कोणत्या नळाचं घेता ते पाहा. स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ आम्ही मुद्दाम सॉफ्टनरवर घेत नाही. त्यावरून वाद होतात, पण त्यामागे कारण आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतं, आणि पिण्याच्या पाण्यातल्या जडपणाला जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. उलट ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे, त्यांना जादा सोडियम नको असतं. म्हणून त्या नळाचं पाणी जड लागलं, तर ती आमची चूक नव्हे, ठरवून ठेवलेली गोष्ट आहे.

टीडीएस मीटर फेकून द्या असं आम्ही म्हणत नाही. आरओचा पडदा (मेम्ब्रेन) काम करतो की नाही हे त्यावरून कळतं, कारण आरओ खरोखर क्षार काढतो. सॉफ्टनरच्या बाबतीत त्याचा एकच उपयोग: मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन त्यावर पुन्हा सोडियम भरल्यावर (यालाच रीजनरेशन म्हणतात) सॉफ्टनरच्या पाण्याचा आकडा कच्च्या पाण्यापेक्षा बराच वर दिसला किंवा पाणी खारट लागलं, तर मीठ नीट धुतलं गेलेलं नाही. आणखी दहा-पंधरा मिनिटं रिन्सवर, म्हणजे साध्या पाण्याने धुण्यावर ठेवा. पण मीटर ६० दाखवतो म्हणून पाणी निर्धोक, असं कधीही समजू नका. कावीळ आणि जुलाबाचे जंतू त्याला दिसत नाहीत. शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको असं मार्गदर्शन आहे, आणि एवढीशी मात्रा पूर्ण आकडे दाखवणाऱ्या मीटरला कशी दिसेल? त्यासाठी प्रयोगशाळेतच पाणी द्यावं लागतं. सॉफ्टनरही जंतू मारत नाही, तसं आम्ही कुणाला सांगतही नाही.

नळाचं पाणी दुधासारखं पांढरं आलं, की काहींना तो जडपणा वाटतो. ग्लास भरून दोन मिनिटं ठेवा. खालून वर निवळत गेलं तर ती हवा आहे, काहीही करू नका.

पाण्याचा स्रोत बदलला तर मात्र आम्हाला जरूर कळवा. धरणाच्या पाण्याऐवजी बोअर किंवा टँकर सुरू झाला, की ३०० चं पाणी सहज ६०० होतं. ३०० वर २००० लिटर देणारा प्लांट ६०० वर १००० लिटरमध्येच थकतो. मशीन तेच, दर वेळचं मीठही तेच, फक्त रीजनरेशन दुप्पट वेळा करावं लागतं. म्हणूनच कच्चं पाणी स्वतः तपासल्याशिवाय आम्ही कुणालाही प्लांटचा आकार सांगत नाही, फोनवर कितीही आग्रह झाला तरी. लहान प्लांट स्वस्तात विकून मोकळं होणं सोपं आहे, पण मग दर दोन दिवसांनी मीठ तुम्हालाच घालावं लागतं. वार्षिक देखभालीत आम्ही दर तीन महिन्यांनी कच्च्या पाण्याचा जडपणा मोजून रीजनरेशनचं वेळापत्रक बदलून देतो, तेही याच कारणाने.

गिझरमध्ये आधीच बसलेला थर सॉफ्टनर लावल्याबरोबर जात नाही. गिझर एकदा उघडून कॉइल साफ करून घ्या. नळांच्या जाळ्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, थर बुडबुडे काढत सुटतो. टॉयलेट साफ करायचं ॲसिड वापरू नका, नळाचं क्रोम जातं.

फोन करण्याआधी साबणाच्या बाटल्या हलवून पाहा आणि कोणत्या नळाचं पाणी, शेवटचं मीठ कधी घातलं, टँकर येतो का, एवढं सांगा. सॉफ्टनरच्या बाटलीत फेस टिकत नसेल तर आमचा माणूस त्याच दिवशी निघेल. बिघाड आमच्या प्लांटचा असला तर फेरीचे पैसे नाहीत, फक्त टीडीएस पाहून बोलावलं असेल तर आहेत.