पुसलेल्या फाइलींनी अडवलेली जागा

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात सौद्यांचा हिशोब लिनक्सच्या सर्व्हरवर आहे. हळदीच्या ऐन हंगामात तो अडतो : डिस्कवर जागा नाही. हिशोबनीस जुन्या मोठ्या फाइली पुसतो, तरी जागा सुटत नाही. ‘डीएफ’ कमांड म्हणते १०० जीबीची डिस्क भरली. ‘डीयू’ने सगळे फोल्डर मोजले तर बेरीज ६० जीबीच. मग ४० जीबी गेले कुठे?

दोन्ही कमांड खरं तेच सांगतात. डीएफ थेट फाइलसिस्टीमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची व्यवस्था ठेवणाऱ्या यंत्रणेला विचारते, किती ब्लॉक (जागेचे तुकडे) वापरात आहेत. डीयू फोल्डरांत शिरून, ज्यांची नावं दिसतात तेवढ्याच फाइली मोजते. म्हणजे नाव नसलेलं, पण जागा धरून बसलेलं काहीतरी डिस्कवर आहे.

युनिक्सच्या घराण्यात फाइलीचं नाव आणि फाइल या वेगळ्या गोष्टी आहेत. आकार, मालक, मजकूर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे ही माहिती ‘आयनोड’मध्ये असते, फोल्डरमध्ये फक्त नाव आणि आयनोडचा क्रमांक. ‘आरएम’ या पुसायच्या कमांडने पुसलं की नाव जातं. ब्लॉक मात्र दोन अटी पुऱ्या झाल्यावरच सुटतात : त्या आयनोडला एकही नाव उरलेलं नसावं, आणि चालू असलेल्या कुठल्याही प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली नसावी. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद असताना वहीतली नोंद खोडली, तर पेव रिकामं होत नाही, तसंच हे.

बहुतेक वेळा ही फाइल लॉगची, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती असते. डेटाबेस किंवा वेब सर्व्हर महिनोन्‌महिने तिच्यात लिहीत असतो. कुणीतरी ती पुसतो, पण प्रोग्राम त्याच बिननावाच्या फाइलीत लिहीतच राहतो. त्यामुळे पुसल्यानंतरही जागा कमी होत जाते, आणि घाबरून माणूस आणखी फाइली पुसत सुटतो. त्यात कामाच्या फाइली जाण्याची मला खरी भीती वाटते.

रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने ‘एलएसओएफ +एल१’ (lsof +L1) चालवा. नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली, त्यांचा आकार आणि त्या धरून ठेवणारा प्रोग्राम, सगळं एका यादीत येतं. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा लगेच परत मिळते. लॉग पुढे वाढू नये म्हणून जुने लॉग वेळोवेळी बाजूला काढणारा ‘लॉगरोटेट’ नीट लावावा. चालू लॉग हाताने पुसू नये.

नाव आणि फाइल वेगळी ठेवणारी ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. तिच्यामुळेच चालू प्रोग्रामच्या पायाखालची फाइल निघून जात नाही, आणि अपडेट करताना सर्व्हर बंद ठेवावा लागत नाही.

एलएसओएफची यादी रिकामी आली तर आधी डीयू रूटच्या अधिकाराने चालवली होती का ते बघा; नाहीतर वाचायची परवानगी नसलेले फोल्डर मोजणीतून सुटतात. बॅकअपची डिस्क जोडलेली नसताना बॅकअप चालला असेल, तर ती डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते, मूळ डिस्कवरच्या त्याच फोल्डरात तो पडतो. नंतर डिस्क माउंट झाली, म्हणजे त्या फोल्डरवर जोडली गेली, की तो तिच्याखाली झाकला जातो. ‘माउंट --बाइंड’ने मूळ डिस्क दुसऱ्या फोल्डरवर जोडली की तो दिसतो. ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमवर, सेटिंग बदललेलं नसेल तर, ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, म्हणून वापरलेली आणि शिल्लक यांची बेरीज एकूण आकाराएवढी येत नाही. आणि जागा असूनही नवी फाइल होत नसेल, तर ‘डीएफ -आय’ बघा : लाखो बारीक फाइलींनी आयनोड संपवलेले असू शकतात.