एकच जर्सी, दोन स्पर्धा: एएफएलडब्ल्यू आणि व्हीएफएलडब्ल्यू

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणाऱ्या एखाद्या महिलेची कारकीर्द वाचताना ती कॉलिंगवूड किंवा एसेंडनकडून खेळली एवढेच कळले, तर फारसे काही कळले असे होत नाही. कारण या क्लबांचे महिला संघ दोन वेगवेगळ्या स्पर्धांत उतरतात आणि अंगावरची जर्सी बहुधा सारखीच असते.

एएफएलडब्ल्यू (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग विमेन्स) ही देशव्यापी व्यावसायिक स्पर्धा. तिचा पहिला सामना ३ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्क मैदानावर कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्यात झाला आणि मैदान भरून गेल्यामुळे दरवाजे बंद करावे लागले. तेव्हा संघ ८ होते. ऑगस्ट २०२२ पासून ते १८ आहेत. येथे खेळाडू प्रामुख्याने ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतून, निवडली जाते, तिच्याशी करार होतो आणि तिला मानधन मिळते. पहिल्या वर्षी मात्र बहुसंख्य खेळाडूंचे मानधन संपूर्ण हंगामासाठी सुमारे ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर होते, म्हणजे ‘व्यावसायिक’ हा शब्द तेव्हा बराचसा कागदावरच होता.

व्हीएफएलडब्ल्यू (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग विमेन्स) ही व्हिक्टोरिया राज्याची स्पर्धा. १९८१ मध्ये सुरू झालेल्या जुन्या महिला लीगची जागा तिने २०१६ मध्ये घेतली. नव्या मुली येथे तयार होतात, करार न मिळालेल्या खेळाडू संधीची वाट पाहतात. या खेळावर घर मात्र चालत नाही. तरीही तिला निव्वळ ‘दुसरी फळी’ म्हणणे मला पटत नाही. हॉथॉर्नने २०१८ मध्ये व्हीएफएलडब्ल्यूचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या क्लबचा एएफएलडब्ल्यू संघ अस्तित्वातही नव्हता. तो २०२२ मध्ये आला. त्याच वर्षी एसेंडनने आधी राज्य स्पर्धा जिंकली आणि मग काही आठवड्यांतच राष्ट्रीय स्पर्धेत पदार्पण केले.

डेझी पिअर्स या खेळाडूची कारकीर्द पाहिली की हा गोंधळ किती महागात पडतो ते दिसते. नोंदवहीत तिच्या नावापुढे ५५ सामने आहेत, पण ते केवळ एएफएलडब्ल्यूचे. ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती २८ वर्षांची होती. २००५ पासून डॅरेबिन फाल्कन्स या क्लबकडून खेळत तिने राज्य पातळीवर अनेक विजेतेपदे मिळवली होती आणि उदरनिर्वाहासाठी ती रुग्णालयात प्रसूती-परिचारिका म्हणून काम करीत असे. २०१३ च्या प्रदर्शनीय सामन्यासाठी झालेल्या ड्राफ्टमध्ये मेलबर्न क्लबने सर्वांत आधी तिलाच निवडले, हे त्या डॅरेबिनच्या वर्षांचेच फळ होते. पुढे तिने मेलबर्नचे नेतृत्व केले, जुळ्या मुलांच्या जन्मामुळे २०१९ चा हंगाम सोडला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिस्बेनला अवघ्या ४ गुणांनी हरवून विजेतेपद मिळवले. तिची गुणवत्ता केवळ ५५ या आकड्यावरून जोखणे म्हणजे पुस्तक मधूनच उघडण्यासारखे आहे.

जुन्या बातमीत स्पर्धेचे नाव नसेल, तर महिना पाहावा. सुरुवातीचे एएफएलडब्ल्यू हंगाम वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच उरकत आणि ऑगस्ट २०२२ पासून ते वर्षाच्या उत्तरार्धात होतात. त्यामुळे दोन्हींपैकी मे-जूनमधला सामना व्हीएफएलडब्ल्यूचाच.