अल्व्हरस्टनने आपला स्टॅन कसा जपला

इंग्लंडच्या वायव्येला, लेक डिस्ट्रिक्टच्या दक्षिणेकडे अल्व्हरस्टन हे बाराएक हजार वस्तीचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या कॉरोनेशन हॉलबाहेर दिव्याच्या खांबाला टेकून उभे असलेले दोन ब्राँझचे पुतळे आपल्याकडची माणसंही लांबून ओळखतील. आपले जाड्या-रड्या! त्यातला रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल, याच गावचा. पुतळा मात्र उभा राहिला २००९ साली, त्याला जाऊन ४४ वर्षं झाल्यावर.

१६ जून १८९० रोजी अर्गाईल स्ट्रीटवरच्या ३ नंबरच्या घरात, आजोळी, आर्थर स्टॅन्ली जेफरसन, म्हणजेच पुढचा स्टॅन लॉरेल, जन्मला. वडील नाटक कंपन्या आणि थिएटरं चालवायचे, आई नटी. दोघं सतत फिरतीवर, त्यामुळे मुलगा लहानपणी आजी-आजोबांजवळ राहिला. पुढे कुटुंबाने गाव सोडलं. सोळाव्या वर्षी तो ग्लासगोच्या रंगमंचावर उभा राहिला आणि १९१० मध्ये फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीबरोबर अमेरिकेला गेला. त्याच कंपनीत चार्ली चॅप्लिन होता आणि त्याचा बदली नट म्हणून स्टॅन तयार असायचा. जाड्याबरोबरची, म्हणजे ऑलिव्हर हार्डीबरोबरची, जोडी जमली ती १९२७ मध्ये, चित्रपट निर्माता हॉल रोचच्या स्टुडिओत.

पडद्यावर डोकं खाजवत रडणारा हा माणूस त्या जोडीचा खरा मेंदू होता, हे आवर्जून सांगायला हवं. प्रसंग रचायचे, विनोदाची वेळ बसवायची, चित्रीकरणानंतर संकलनाला बसायचं, हे सगळं तो करायचा. १९५७ मध्ये हार्डी गेल्यावर त्याने पुन्हा कधीच काम केलं नाही.

मे १९४७ मध्ये, ब्रिटनच्या दौऱ्यावर असताना, हे दोघं अल्व्हरस्टनला आले. कॉरोनेशन हॉलच्या सज्जात उभे राहिले, खाली गर्दी लोटली होती. गावाने स्टॅनला त्याच्या जन्मदाखल्याची प्रत भेट दिली. जन्मगावाने द्यावी अशी याहून नेमकी भेट मला तरी सुचत नाही.

पण एका दिवसाच्या गर्दीने वारसा जपला जात नाही. त्यासाठी कुणीतरी झपाटलेला माणूस लागतो. अल्व्हरस्टनला तो बिल क्युबिन यांच्या रूपाने मिळाला. ते गावचे महापौरही होते, पण त्यांची खरी ओळख लॉरेल-हार्डीचा निस्सीम चाहता हीच. छायाचित्रं, पत्रं, पोस्टरं, हाती लागेल ते त्यांनी जमवलं आणि १९८३ मध्ये एका लहानशा जागेत संग्रहालय थाटलं. भिंती आणि छतसुद्धा चित्रांनी भरून गेलं होतं. त्यांच्यामागे घरच्यांनी ते चालू ठेवलं आणि २००९ मध्ये ते जुन्या रॉक्सी सिनेमाच्या इमारतीत हलवलं. तिथे चित्रपटही दाखवले जातात.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये विनोदवीर केन डॉड यांच्या हस्ते पुतळ्याचं अनावरण झालं. शिल्पकार ग्रॅहम इबसन. खाडीपलीकडच्या मोरकम गावातला विनोदवीर एरिक मोरकमचा पुतळाही त्यांचाच. अल्व्हरस्टनने स्टॅनला एकटा उभा केला नाही, हे मला फार आवडतं. हार्डीचं जन्मगाव अमेरिकेतलं, जॉर्जिया राज्यातलं हार्लेम. तिथेही त्याच्या नावाने दरवर्षी उत्सव भरतो आणि संग्रहालय आहे. त्या संग्रहालयातही ही जोडी एकत्रच भेटते.