लांड्समनशाफ्ट

पूर्व युरोपातून परदेशी गेलेल्या ज्यूंनी मूळ गावाच्या नावाने काढलेली मंडळे. यिडिश भाषेत ‘लांड्समन’ म्हणजे आपल्याकडचा माणूस, गाववाला. १८८१ ते १९२४ या काळात वीस लाखांहून अधिक पूर्व युरोपीय ज्यू अमेरिकेत आले. १९३८ च्या सुमारास झालेल्या पाहणीत एकट्या न्यूयॉर्कमध्ये अशी सुमारे अडीच हजार मंडळे आढळली.

गावाची ओढ होतीच, पण मंडळ निघे ते आजारपण आणि मरण यांची सोय म्हणून. वर्गणी भरणाऱ्याला आजारपणात भत्ता मिळे, डॉक्टर मंडळाने ठरवलेला असे आणि शेवटी मंडळाच्याच जागेत दफन होई. शिवा म्हणजे सुतकाचे सात दिवस घरी बसावे लागे. त्यात बुडालेल्या मजुरीसाठीही अनेक मंडळे काही रक्कम देत. दिवसभर शिलाई यंत्रावर वाकलेला माणूस संध्याकाळी इथे अध्यक्ष म्हणून हातोडा आपटी. भांडणेही होत आणि एकाच गावाची दोन-तीन मंडळे होऊन बसत.

पोलंडमधल्या ब्यावीस्तोक (बियालिस्तोक) गावची मंडळी यात आघाडीवर होती. त्यांनी १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातले एक मेथडिस्ट चर्च विकत घेऊन तिथे सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ थाटले, पुढे वृद्धाश्रम उभारला. मधोमध खोलगट, कांदा घातलेला त्यांचा पाव आजही न्यूयॉर्कात ‘बियाली’ या गावावरून पडलेल्या नावानेच विकला जातो.

पहिल्या महायुद्धात गावे उद्ध्वस्त झाली, त्यानंतर काही मंडळांनी आपली माणसे डॉलर घेऊन थेट पोलंडला धाडली. दुसऱ्या महायुद्धानंतर मदत पाठवायला बहुतेक ठिकाणी ज्यू वस्तीच उरली नव्हती. मग मंडळांनी ‘यिझकोर बुख’ म्हणजे स्मरणग्रंथ काढले: आठवणीतून रेखाटलेले गल्ल्यांचे नकाशे, छायाचित्रे, मारल्या गेलेल्यांच्या याद्या. पोलंडमधल्याच वूज (लॉड्झ) शहराचा असा ग्रंथ युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये न्यूयॉर्कला निघाला.

कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांचे, म्हणजे मराठी ज्यूंचे, गाव मात्र किहीमकर, पेणकर अशा आडनावांतच सोबत गेले.

पुढच्या पिढीला यिडिश येईना, विम्यामुळे भत्त्याची गरजही राहिली नाही, मंडळे ओसरली. क्वीन्समधल्या माउंट हेब्रन दफनभूमीत त्यांच्या जागांची प्रवेशद्वारे अजून उभी आहेत. त्यांवर गावाचे नाव आहे आणि पदाधिकाऱ्यांची नावेही हौसेने कोरलेली आहेत.