नायट्याची बुरशी एकच असते का?

‘नायटा कोणाचाही असो, बुरशी एकच, म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेले मलम आपल्यालाही चालते,’ असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. चट्टे दिसायला सारखेच असल्याने तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र ते निर्माण करणाऱ्या बुरशींच्या अनेक जाती आहेत. मायक्रोस्पोरम कॅनिस ही मांजर-कुत्र्यांकडून येते, तर ट्रायकोफायटॉन रुब्रम मुख्यतः माणसाकडून माणसाला लागते.

चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बुरशीचे तंतू दिसतात, पण जात कळत नाही. प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, आणि तरीही काही जाती केवळ रूपावरून वेगळ्या काढता येत नाहीत. २०२० मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदवलेली, भारतात बरीच आढळणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही अशीच एक. तिची खात्री पटते ती डीएनएच्या ‘आयटीएस’ नावाच्या भागाचा क्रम वाचून. शिवाय तिच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज जनुकात ठरावीक बदल झालेले असतील, तर टर्बिनाफीन हे नेहमीचे औषध निष्प्रभ ठरू शकते.

ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही, आणि तिच्यात मेलेल्या बुरशीचा डीएनएही सापडू शकतो. परंतु पूर्ण उपचारांनंतरही नायटा उलटत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना तिच्याविषयी जरूर विचारावे. तोपर्यंत मागून आणलेल्या मलमाच्या वेष्टनावर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिले आहे का, एवढे पाहावे: ही स्टिरॉइडे खाज शमवतात, बुरशी नव्हे.