कॅम्पर व्हॅनमधील फर्निचरची जडणी

कॅम्पर व्हॅनमधील फर्निचरची जडणी : मालवाहू किंवा प्रवासी व्हॅनच्या रिकाम्या डब्यात पलंग, ओटा, कपाटे व बाके बसवून ती गाडीच्या सांगाड्याशी जखडण्याची कामपद्धती. घरातले कपाट आपले वजन जमिनीवर टाकून स्वस्थ उभे असते. गाडीतले कपाट ब्रेक लागला की पुढे, वळणावर बाजूला आणि खड्ड्यात वर ओढ घेते. त्यामुळे या कामात सुतारकीपेक्षा पत्र्याचे व बोल्टांचे ज्ञान अधिक लागते. येथे कारखान्याबाहेर, हाताने केलेल्या रूपांतराचा विचार केला असून स्थानिक संदर्भ इंदूर–पीथमपूर परिसराचे आहेत.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. एक मत तो घोड्यांनी ओढायच्या फिरत्या घरांपर्यंत नेते. गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश लेखकासाठी १८८५ च्या सुमारास ब्रिस्टल येथे बांधलेली ‘वाँडरर’ ही गाडी त्यासाठी पुढे केली जाते. दुसरे मत अमेरिकेतील ‘पियर्स-ॲरो टूरिंग लँडो’ (१९१०) या मोटारीकडे बोट दाखवते. तिचे मागचे आसन उलगडून बिछाना होत असे. तिसऱ्या मतानुसार खरा आरंभ जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीच्या ‘कॅम्पिंग बॉक्स’पासून होतो. फोक्सवॅगनच्या टाइप २ व्हॅनचे उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर लवकरच, बहुधा १९५१ मध्ये, ही काढता-घालता येणारी लाकडी पेटी आली. पहिल्या दोन उदाहरणांत डबा आणि आतली मांडणी एकाच हेतूने, बहुतांशी एकाच कारागिरीतून घडलेली दिसते. परक्या कामासाठी बनलेल्या डब्यात नंतर फर्निचर धरून ठेवण्याचा प्रश्न वेस्टफालियाच्या पेटीतच स्पष्टपणे उभा राहतो. म्हणून प्रस्तुत विषयापुरते तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कायम जडलेले फर्निचर बरे की सुटे, हा आजचा वादही तिथूनच चालत आला आहे.

भारतात या कामाला सोयीची गाडी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाली. डाइमलर-बेंझच्या परवान्यावर बजाज टेम्पोने (आताची फोर्स मोटर्स) ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ बाजारात आणली. कंपनीचा एक कारखाना इंदूरजवळ पीथमपूरला आहे. लहान रूपांतरासाठी मारुती ईको (२०१०) वापरतात.

भार व बळे : कोरड्या डांबरी रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला तर वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे पाऊणपट बळाने पुढे ओढ घेते. ताशी ५० किमी. वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर हे प्रमाण सरासरी २० पटींवर जाते. म्हणजे सामानासह २५ किग्रॅ.चे कपाट ५०० किग्रॅ. वजनासारखे पुढे येते. ८.८ या ताकदीच्या प्रतीच्या एका एम-६ (६ मिमी. व्यासाच्या) बोल्टची ताण सोसण्याची क्षमता याच्या दुपटीहून जास्त असते. बोल्ट तुटत नाही, त्याच्याभोवतीचा पत्रा फाटतो किंवा प्लायमधून डोके आरपार निघते. जडणीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून येतात.

सांध्यांचे प्रकार : सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा सांधा म्हणजे पत्र्यात थेट पिळलेला सेल्फ-टॅपिंग स्क्रू. ४.२ मिमी. स्क्रूच्या दोन आट्यांत १.४ मिमी. अंतर असते आणि बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिमी. जाड. म्हणजे पत्र्यात एक पूर्ण आटाही रुतत नाही. कंपनाने भोक रुंदावते, स्क्रू गरगर फिरतो आणि उघड्या कडेला गंज धरतो. आतले अस्तर धरायला हे स्क्रू पुरतात, कपाट धरायला नाहीत.

जमिनीतून आरपार बोल्ट हा सर्वांत भरवशाचा सांधा. एम-८ बोल्ट, गाडीखालून ५०×५० मिमी. मापाची ३ मिमी. जाड लोखंडी पट्टी आणि नायलॉनच्या कड्याचा नट. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली शिरून डिझेलची टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठून जाते ते पाहणे अटळ आहे. मूळ आसने काढली असतील तर त्यांची तयार भोके आधी वापरावीत. तिथे कारखान्यानेच मजबुती दिलेली असते. नेहमी दिसणारी चूक अशी की फर्निचर तळाच्या प्लायला घट्ट बसवतात, पण तो प्लाय मात्र पत्र्यावर नुसता चिकटवलेला असतो. मग धक्क्याला जमिनीसकट सगळे सरकते.

भिंतीच्या फासळ्यांमागे हात जात नाही, तिथे रिव्हनट लागतो. ही आटे असलेली पोकळ नळी भोकात घालून ओढयंत्राने दाबली की पत्र्यामागे फुगते व अडकते. तिचा उगम विमान-उद्योगातला. पंखांच्या कडांवर बर्फरोधक रबरी पट्टे बसवण्यासाठी बी. एफ. गुडरिच कंपनीने १९३० च्या दशकात ती विकसित केली. तिथेही अडचण हीच होती, मागून पाना लावायला जागा नव्हती. एम-६ साठी साधारण ९ मिमी. व एम-८ साठी ११ मिमी. भोक लागते, मात्र नेमके माप पाकिटावरचेच धरावे. ३ मिमी. बिटने सुरुवात करून पायरीचा बिट वापरला तर भोक गोल येते. कडा घासून झिंक प्रायमर लावावा आणि लोखंडी कीस ब्रश व चुंबकाने गोळा करावा. फटीत राहिलेला कीस पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे डाग सोडतो. भोक अर्धा मिमी. जरी मोठे झाले किंवा नळी पुरती दाबली गेली नाही, तरी रिव्हनट बोल्टबरोबर फिरू लागतो. मग त्याची कडा घासून तो काढायचा आणि मोठ्या मापाचा किंवा षट्कोनी अंगाचा घालायचा. साध्या गुळगुळीत अंगापेक्षा दातेरी अंगाचा नेहमीच बरा. त्याच्या मागे नायलॉनचा नट लावता येत नाही, म्हणून आट्यांना मध्यम प्रतीचे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारे चिकटद्रव्य) लावतात.

नट-बोल्ट, अँगल व पट्ट्या इंदुरात सियागंज व लोहा मंडीत मिळतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ चा शिक्का पाहून घ्यावा; बिनशिक्क्याचा स्वस्त बोल्ट पडद्याच्या दांडीपुरता ठेवावा.

पॉलियुरेथेन चिकटद्रव्याविषयी मतभेद आहेत. काही जण त्याच्यावरच वरची कपाटे टांगतात. ते बोल्टला जोड म्हणून वापरावे, बोल्टऐवजी नव्हे, हे मत अधिक सुरक्षित दिसते. कारण ते रंगाला चिकटते आणि सांध्याचे बळ त्या रंगाच्या पकडीपलीकडे जात नाही. शिवाय ते हवेतल्या दमटपणाने पक्के होते. माळव्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याला पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागतो. थर दाबून २ ते ३ मिमी. राहायला हवा, पूर्ण पिळून काढला तर लवचीकपणाच जातो.

लाकूड व बांधणी : ८×४ फुटांचा १८ मिमी. प्लाय सुमारे ३५ किग्रॅ. भरतो, १२ मिमी.चा सुमारे २३ किग्रॅ. घरच्या सवयीने १८ मिमी. वापरणे हे गाडी जड होण्याचे पहिले कारण. चौकटीला १२, दारांना ९ मिमी. पुरतो. आयएस (भारतीय मानक) ७१० चा मरीन प्लाय उत्तम, आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) चालतो. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) ओलाव्याने फुगते, स्क्रू सोडते, आणि तरी दुकानदार तेच आधी दाखवतो. प्लायच्या कडेत स्क्रू मारला तर थर उकलतात. म्हणून कोपऱ्यात २०×२० मिमी.ची लाकडी पट्टी, २.५ मिमी.चे आधीचे भोक, ४×३० चा स्क्रू आणि जलरोधक फेव्हिकॉल.

व्हॅनची भिंत वक्र असते. पुठ्ठ्याचा साचा कापून तो प्लायवर उतरवतात. कपाट भिंतीला टेकवायचे नाही, ३ ते ५ मिमी. फट ठेवून फोमची पट्टी लावायची. खराब रस्त्यावर बॉडी पिळवटते. जमीन, भिंत व छत अशा तिन्ही ठिकाणी ताठ आवळलेले एकसंध उंच कपाट तो पीळ स्वतःवर घेते आणि सांध्यात चिरते. जमिनीशी ताठ व वर रबरी वॉशरवर, ही रीत जास्त टिकते.

जड वस्तू खाली, शक्यतो दोन चाकांच्या आसांमध्ये. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी ५० किग्रॅ.हून जड असते. ती लोखंडी अँगलच्या चौकटीत, थेट सांगाड्याशी. वरच्या कपाटांना प्रत्येक छत-कमानीवर बोल्ट, पुढे ४० मिमी. उंच ओठ (सामान अडवणारी कड), आत फक्त कपडे.

दारे व खण : चुंबकी कॅच पहिल्या वळणावर सुटतो. दाबून उघडणारे कुलूपबंद कॅच हवेत. खण गाडीच्या आडव्या दिशेने उघडावेत. पुढे उघडणारा खण ब्रेकला बाहेर येतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आसने काढणे त्यातच येते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी (राहण्याच्या सोयीच्या मोटारीसाठी) एआयएस-१२४ हे वाहन-उद्योगाचे वेगळे मानक आहे. घरी बनवलेल्या बाकावर चालत्या गाडीत माणूस बसवू नये.

तपासणी : प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढतात, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. पाण्याचे कॅन व भांडी भरून इंदूर परिसरातील भेरूघाट किंवा जाम गेटचा घाटरस्ता एकदा उतरल्यावर आणि पुढे सुमारे ५०० किमी.नंतर सर्व रेघा पाहतात. करकर येणारा सांधा आधी आवळायचा नाही. कुठे लाकूड लाकडावर घासते ते शोधून तिथे नमद्याची पट्टी लावायची. अधिक आवळण्याने रिव्हनट फिरतो आणि आवाज तसाच राहतो.