बोल्स्वर्ड परिसरातील अ‍ॅनाबॅप्टिस्ट : प्रारंभकाळ

नेदर्लंड्सच्या फ्रीसलंड प्रांतातील बोल्स्वर्ड हे लहान व्यापारी नगर. प्रांतातील अकरा जुन्या नगरांपैकी एक. अ‍ॅनाबॅप्टिस्ट (पुनर्बाप्तिस्मावादी, म्हणजे प्रौढपणी घेतलेला बाप्तिस्माच खरा मानणाऱ्या) ख्रिस्ती पंथाच्या इतिहासात त्याचे नाव येते ते नगरातील मंडळीपेक्षा (पंथीयांच्या स्थानिक समुदायापेक्षा) त्याच्या आसपासच्या ओल्डेक्लोस्टर, विटमार्सम आणि पिंग्यम या ठिकाणांमुळे.

पंथाची शिकवण फ्रीसलंडमध्ये शेजारच्या जर्मन प्रदेशातील एम्डन शहरामार्गे आली, हे मत सामान्यतः ग्राह्य धरले जाते. तेथे १५३० मध्ये पंथाचा प्रचारक मेल्खिओर होफमान याने प्रौढांना बाप्तिस्मा दिला. तेथेच बाप्तिस्मा घेतलेला सीके फ्रेरिक्स हा शिंपी लेवार्डन येथे मार्च १५३१ मध्ये शिरच्छेदाची शिक्षा भोगता झाला. पिंग्यमला तेव्हा कॅथलिक धर्मोपदेशक असलेल्या आणि नंतर या पंथाचा पुढारी बनलेल्या मेनो सिमॉन्स याने पुढे लिहिले आहे, की दुसऱ्या बाप्तिस्म्याची गोष्ट आपल्याला त्या वेळी फारच विचित्र वाटली. बोल्स्वर्डमध्ये पहिला बाप्तिस्मा कोणी आणि केव्हा दिला, याविषयी केवळ तर्कच करता येतो. १५३३ च्या अखेरीस हार्लेमचा बेकर यान माथिस याने बाप्तिस्मे पुन्हा सुरू करून प्रेषित धाडले, त्यानंतरचा काळ अधिक संभवनीय दिसतो.

जर्मनीतील म्यून्स्टर शहर फेब्रुवारी १५३४ मध्ये अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या ताब्यात गेले. वेढा पडलेल्या त्या शहराला कुमक मिळावी म्हणून नेदर्लंड्समध्ये उठाव घडवण्याचे प्रयत्न झाले. त्यांतला यान फान गेलन हा एक सूत्रधार. त्याच्या चिथावणीने सुमारे तीनशे स्त्री-पुरुषांनी ३० मार्च १५३५ रोजी बोल्स्वर्डजवळचा ओल्डेक्लोस्टर हा सिस्टर्शियन मठ बळकावला. स्टाटहाउडर (प्रांतातील सम्राटाचा प्रतिनिधी) गेओर्ग शेंक फान टाउटेनबुर्ख याने मठाला वेढा घालून तोफा लावल्या. मठ कच्चा नव्हता. आत शिरलेल्यांनी आठवडाभर टिकाव धरला आणि हल्लेखोरांचीही मोठी हानी झाली. अखेर ७ एप्रिलला मठ पडला. पकडलेल्यांपैकी अनेकांना मृत्युदंड झाला. मृतांच्या आकड्यांत मात्र एकवाक्यता नाही. फान गेलन निसटला आणि पुढच्याच महिन्यात अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरगृहावरील हल्ल्यात मारला गेला.

मठात मेलेल्यांमध्ये पेटर सिमॉन्स नावाचा एक जण होता. तो मेनोचा भाऊ, असे जुन्या पंथीय परंपरेत ठामपणे सांगितले जाते. अलीकडचे अभ्यासक ‘शक्य आहे’ एवढेच म्हणतात, आणि ते अधिक सयुक्तिक आहे. ‘सिमॉन्स’ म्हणजे केवळ सिमॉनचा पुत्र. त्या काळी आडनावे रूढ नव्हती आणि सिमॉन हे नाव दुर्मीळ नव्हते. मेनोच्या हृदयपरिवर्तनासाठी हे नाते असण्याची गरजही नाही. १५५४ मध्ये खेलियस फाबर या विरोधी धर्मोपदेशकाला दिलेल्या उत्तरात मेनो लिहितो, की मठात मेलेली ती माणसे चुकलेली होती, तरी त्यांचे रक्त आपल्या काळजावर तप्त होऊन पडले. सत्य उमगूनही आपण सुखाच्या पदावर बसून होतो, ही बोचणी त्यामागे होती. मात्र हे आत्मकथन जवळजवळ दोन दशकांनंतरचे, तेही वादाच्या ओघात लिहिलेले असल्याने त्यातील क्रम जपूनच वापरावा लागतो. म्यून्स्टरमधील अ‍ॅनाबॅप्टिस्टांचा नेता यान फान लायडन याच्या विरोधातील मेनोची पुस्तिका १५३५ ची मानतात. पण ती छापली गेली १६२७ मध्ये, त्यामुळे तिच्या अस्सलपणाबद्दल शंका घेतली गेली आहे.

मेनो तोपर्यंत पिंग्यमहून जन्मगावी, विटमार्समला, धर्मोपदेशक म्हणून आलेला होता. जानेवारी १५३६ मध्ये त्याने हे पद सोडले. यानंतर या भागातील पंथ शस्त्रांपासून दूर गेला, पण छळ थांबला नाही. मेनोला आसरा दिल्याबद्दल किम्सवर्डचा त्यार्ड रेनिक्स १५३९ मध्ये मारला गेला. १५४२ च्या शाही फर्मानाने मेनोला पकडून देणाऱ्यास शंभर गिल्डरांचे बक्षीस लावले. या आश्रयदात्याची हकिकत पंथाने जपली, ती स्वाभाविकच. ओल्डेक्लोस्टरच्या मृतांना मात्र हुतात्म्यांच्या यादीत स्थान मिळाले नाही.

नगरातील मंडळीबद्दलची माहिती पुढील काही दशकांत विरळ होत जाते. १५६० च्या सुमारास फ्रीसलंडमधील चार नगरांच्या मंडळ्यांनी एक करार केला आणि त्यातूनच पुढे फ्रीजियन आणि फ्लेमिश असे दोन तट पडले. ही चार नगरे हार्लिंगन, फ्रानेकर, लेवार्डन आणि डोक्कम. त्यांत बोल्स्वर्ड नाही.